चालायचा पट्टा

"कशाला पायजे पट्टा? चालायला का पळायला?"

शाहूपुरीतल्या सर्जिकलच्या दुकानात भाऊसो कुरणे उजव्या पायातली चप्पल काढून बाकावर बसले होते. दुकानाचे मालक गणपतराव समोर स्टुलावर बसून त्यांचा घोटा अंगठ्यानं दाबून बघत होते. आंबेहळदीच्या लेपानं पाय पिवळाजर्द झाला होता, आणि हाडाच्या खाली अजून निळसर सूज होती.

"पळायला," भाऊसो म्हणाले.

"कवा मुरगाळला?"

"आठ दिस झालं."

"आठ दिसांत पळायचं? डॉक्टर काय म्हणालं?"

भाऊसो भिंतीवरच्या घड्याळाकडं बघू लागले. डॉक्टरांनी तीन आठवडे पाय टेकवू नका म्हणून सांगितलं होतं. त्यांनी तीन दिवस टेकवला नाही. चौथ्या दिवशी ऑफिसला गेले, आणि पाटबंधारे खात्यातल्या आपल्या खोलीत फायलींच्या गठ्ठ्यावर पाय ठेवून बसायचं सोडून दर दहा मिनिटांनी उठून खिडकीपर्यंत जाऊन येऊ लागले. घरी तर बायकोनं, अंजनानं, हातच टेकले होते. "एका जागी बसा की वो. पाय बरा व्हायाचा असला तरी तुमी हू देणार न्हाईसा," ती म्हणायची. भाऊसो बसायचे आणि पुन्हा उठायचे.

येत्या रविवारी फायनल होती. चोवीस वर्षं भाऊसो शहरातल्या पेठांच्या संघांमधल्या फुटबॉलला रेफ्री होते. चार फायनलना झेंडा घेऊन लाईनवर पळाले होते, पण फायनलला शिट्टी घेऊन मधे कधी उभे राहिले नव्हते. पन्नाशी झाली की मैदानातून बाहेर, असा नियम होता, आणि त्यांना जूनमध्ये पन्नास वर्षं पूर्ण होत होती. ते लक्षात ठेवून यंदाची फायनल त्यांना दिली होती. अंजनानं नवी काळी चड्डी आणि मोजे इस्त्री करून कपाटात ठेवलेसुद्धा होते.

गणपतरावांनी तीन खोकी उघडली. पहिला पट्टा साधा लवचीक कापडाचा होता, तो त्यांनी स्वतःच बाजूला सारला. दुसरा रबरी, मोज्यासारखा पायात चढवायचा होता. तिसरा जाड होता. त्याला बुटासारखी नाडी होती आणि दोन्ही बाजूंनी प्लास्टिकच्या पट्ट्या शिवलेल्या होत्या.

भाऊसोंनी मोज्यासारखा पट्टा उचलला. पिशवीतून मोजे आणि बूट काढले, पट्ट्यावरून मोजा ओढला आणि बूट चढवला. बसला. पट्टा बाहेरून दिसतही नव्हता.

"ह्योच द्या."

"पैसं नंतर द्या. आदी गल्लीत जरा पळून या."

दुकानाशेजारच्या बोळात स्कूटरी लावल्या होत्या. भाऊसो त्यांच्या कडेनं पळाले. सरळ पळताना पाय दुखला, पण सोसण्यासारखा. बोळाच्या टोकाला वळले, परत आले. गणपतराव पायरीवर उभे राहून बघत होते.

"आता जरा मागं मागं पळा."

भाऊसो उलट्या पावलांनी चार ढांगा गेले. पाचव्या ढांगेला घोटा आत वळला. त्यांनी एका स्कूटरच्या सीटवर हात टेकला आणि कुणी बघितलं का, म्हणून इकडंतिकडं पाहिलं.

आत आल्यावर गणपतरावांनी पाण्याचा पेला पुढं केला. "तुमचं काम तरी काय, पावणं? मागं पळायला लागतंय असलं?"

"रेफ्री हाय. रविवारी फायनल हाय."

"मग सोपं हाय की. जरा लांबनं बगायचं. शिट्टी काय, तोंडानंच वाजवायची." गणपतराव हसले. त्यांना फुटबॉलमधलं फार कळत नव्हतं, आणि त्यांनी ते धीर देण्यासाठीच म्हटलं होतं.

भाऊसोंनी पेला तसाच खाली ठेवला.

लांबून. आठ दिवस जे कुणाजवळ बोलता आलं नव्हतं, ते या माणसानं सहज म्हणून टाकलं होतं.

मागच्या रविवारी सेमीफायनल होती. सामना संपायला वीसेक मिनिटं उरली असताना मागं सरकता सरकता त्यांचा पाय एका खळग्यात गेला. कळ मस्तकापर्यंत गेली. खेळ थांबवून लाईनवरच्या माणसाला मैदानात घ्यायला हवं होतं, पण मग फायनल गेली असती. ते उभे राहिले. तेवढ्यात बॉल दुसऱ्या टोकाला गेला. सगळे तिकडं धावले. भाऊसो लंगडत मधल्या रेषेजवळ पोचले, तेव्हा गोलसमोरच्या डीमध्ये एक खेळाडू पडलेला दिसला. त्याच्याजवळ राजवर्धन उभा होता, मंगळवार पेठेच्या बचाव फळीतला बॅक. अर्धी गॅलरी उठून ओरडत होती. भाऊसोंनी शिट्टी मारली आणि पेनल्टीच्या ठिपक्याकडं हात केला.

राजवर्धन भांडला नाही. पळत त्यांच्याजवळ आला. "सर, तुमी सोता बघितलंसा?"

"बघितलं," भाऊसो म्हणाले.

त्या एका गोलावर मंगळवार पेठेचा संघ हरला. भाऊसोंचे निर्णय आधीही चुकले होते. शिव्या खाल्ल्या होत्या, एकदा दगडही. पण जे दिसलं नाही ते त्यांनी कधी दिलं नव्हतं. राजवर्धनचा पाय लागला होता की नव्हता, हे त्यांना अजूनही ठाऊक नव्हतं.

"मोज्याचा बांदून देऊ न्हवं?" गणपतरावांनी विचारलं.

"न्हाय. नाडीवाला दावा."

"त्यावर बूट चढायचा न्हाय. त्यो चालायचा हाय."

"व्हय. चालायचाच द्या."

गणपतरावांनी खाली बसून तो बांधला. एकेक नाडी ओढली, पाय काटकोनात धरायला लावला, पुन्हा सैल करून पुन्हा ओढली. भाऊसो उभे राहिले. घोटा कुठंच हलत नव्हता. त्यांनी बूट पिशवीत घातले, उजव्या पायाची चप्पलही पिशवीत टाकली.

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून त्यांनी फुटबॉल संघटनेच्या सेक्रेटरींना फोन लावला. पाय गेलाय, फायनलला दुसरा माणूस बघा, एवढंच सांगितलं. पलीकडून, "आवो, लाईनला तरी उभा ऱ्हावा," असं काहीतरी आलं. "न्हाय जमणार," म्हणून त्यांनी फोन ठेवला. मग रिक्षा केली.

मंगळवार पेठेत संघाची बसायची खोली तालमीच्या माडीवर होती. जिना दगडी आणि चढाचा होता. भाऊसो आधी डावा पाय टाकत, मग उजवा त्याच्या शेजारी आणत, असे वर गेले. खोलीत आठदहा पोरं कॅरम खेळत होती. त्यांना दारात बघून सोंगटीचा आवाज थांबला.

राजवर्धन खिडकीत बसला होता. पंचवीस-सव्वीसचा, शिरोलीच्या फौंड्रीत कामाला. तो उठला, पण पुढं आला नाही.

"राजवर्धन, त्या दिवशी तू मला इचारलंस," भाऊसो दारातूनच म्हणाले. "मी बघितलं म्हणून सांगितलं. मी बघितलं नव्हतं. माजा पाय गेलता, मी मधल्या लाईनीजवळ हुतो."

कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "आता सांगून काय उपेग? म्याच गेली की."

"व्हय, गेली," भाऊसो म्हणाले. "ती परत देता येत न्हाय मला."

राजवर्धननं मान हलवली. "मला म्हाईत हुतं, सर. तुमी लंगडत येत हुता, मी बघितलंतं."

"मग बोलला का न्हाईस?"

"तुमी बघितलं म्हणालासा की. तुमचं म्हणणं मी कसं खोटं पाडू?"

आठ दिवस भाऊसोंना वाटत होतं, ही गोष्ट आपल्या एकट्याची आहे. पोरानं ती आठ दिवस त्यांच्याइतकीच सांभाळली होती, आणि फौंड्रीत, पेठेत, घरात 'तूच पाडलंस त्याला' हे ऐकूनही घेतलं असणार.

"लागला हुता का रे पाय?" त्यांनी हळूच विचारलं.

"न्हाय, सर."

कुणीतरी खुर्ची पुढं केली. भाऊसो बसले नाहीत. "रविवारी मी न्हाय," एवढं सांगून ते वळले.

उतरणं चढण्यापेक्षा कठीण होतं. एका हातानं भिंत धरून ते पट्ट्याचा पाय आधी खाली टाकत होते. अर्ध्यात पोचले तेव्हा खालून तिघंचौघं पोरं धडाधडा वर येत होती. त्यांनी भाऊसोंना ओळखलं. त्यातला एक काही बोलायला निघाला होता, पण वरच्या दारात राजवर्धन उभा होता. त्यानं नुसता हात आडवा केला.

पोरं भिंतीला पाठ लावून एका रांगेत उभी राहिली. भाऊसो एकेक पायरी उतरत त्यांच्यासमोरून गेले. शेवटच्या पायरीवर ते दम घ्यायला थांबले, तरी वर चढायची घाई कुणी केली नाही.