आधी प्रश्न, मग नाव

या, बसा. पाय पसरून बसा, घाई नाही. मित्रांनो, आज तुम्हाला अशी गोष्ट सांगतो की तिच्यातल्या ऐन मोक्याच्या वेळी कुणी काही बोलतच नाही, आणि तरी ती आठवली की माझ्या पत्र्यावर काटा येतो.

मी एक जुना काकवीचा डबा आहे. सध्या मुक्काम ट्रायफिना बाईंच्या स्वयंपाकघरात, खिडकीपाशी. पोटात कपड्यांचे चिमटे. कडेला गंज चढलाय, झाकण वाकडं झालंय. कुणी ढुंकून बघत नाही. पण मी शाळेत होतो, बरं का! आणि नुसता फळीवर बसून नव्हतो.

जन्म शहरातल्या कारखान्यातला. पत्रा कापला, वळवला, डाख दिला, पोटात उष्ण देशातली काळी काकवी ओतली आणि बोटीत घालून धाडलं न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर, गनेट आर्म नावाच्या कोळ्यांच्या गावात. इथं काकवीशिवाय कुणाचं पान हलत नाही. पावावर काकवी, चहात काकवी, खोकला झाला तरी काकवी. एली पार्डीच्या घरानं मला रिकामा केला, आणि त्याची पोरगी मेलविना मला शाळेत घेऊन आली. धुऊन आणला होता, पण काकवी कुठली पुरती सुटतेय? बुडाला राहिलीच चिकटून.

शाळा एका खोलीची. मधोमध चूल, भोवती बाकं. तिथं शिकवायच्या ह्याच ट्रायफिना बाई. त्यांनी लाकडाच्या पातळ काड्या तासून घेतल्या, एकेका काडीवर एकेका पोराचं नाव लिहिलं आणि माझ्यात टाकल्या. का? तर त्याआधी वर्गात बोलायचा एकटा ओबेड हिस्कॉक. बाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत ह्याचा हात वर. "बाई, मी! बाई, मी!" बाकीची पोरं निवांत. ओबेड आहे ना शिकायला!

काड्या आल्या, पण रीत चुकली. बाई आधी काडी काढायच्या, नाव पुकारायच्या, मग प्रश्न. ज्याचं नाव निघालं तो पांढराफटक, आणि उरलेला वर्ग खिडकीतून बोटी बघायला मोकळा. मेलविनाचं नाव निघालं की ती छताकडं बघत राहायची. बाई जेमतेम श्वास घ्यायच्या, की लगेच, "बरं, बस. ओबेड, तू सांग."

बाईंना तरी काय बोल लावू? गनेट आर्ममध्ये माणसं बसलीत आणि सगळी गप्प झालीत, म्हणजे कुणीतरी समुद्रातून परत आलं नाही, असंच समजतात. तिथं गप्प बसणं कुणाला सोसत नाही. केटली, कुत्रं, हवा, काहीही काढतील, पण बोलतील. बाई त्याच गावच्या. वर्ग गप्प झाला की त्या घाईनं ओबेडला उठवायच्या.

आणि अशात बातमी आली की शाळांचे तपासनीस साहेब येणार, बर्फाआधीच्या शेवटच्या बोटीनं. मेलविनाला तपासणार. मंद वाटली, तर त्याच बोटीनं शहरातल्या निराळ्या शाळेत ठेवायला नेणार. पुढं समुद्र गोठला की वसंतापर्यंत ना भेट, ना निरोप.

एली शाळेत आला. मोठा दांडगा गडी, पण टोपी हातात चुरगाळत उभा. "बाई, माझी पोर खुळी नाही हो."

"मला ठाऊक नाही का, एली? पण ती बोलत नाही रे."

"बोलते. उशिरा बोलते. तिची आई तर म्हणते, पोर विचारल्यावर डाव्या बुटात पाय घालते आणि उजवा घातल्यावर उत्तर देते."

बाई हसल्या, पण डोळे पुसत.

दुसरी सकाळ कडाक्याच्या थंडीची. बाई चुलीत लाकूड सारत होत्या, पाठ वर्गाकडं. बोलता बोलता विचारून गेल्या, "ओढ्याचं तोंड गोठलंय, मग पुढचा समुद्र का नाही गोठला रे?" मग हात झटकत आल्या आणि माझ्यातली काडी ओढली. निघेना! बुडाची काकवी थंडीनं दगड झालेली, सगळ्या काड्या धरून बसलेली. बाई ओढतायत, मी नाचतोय.

ओबेड म्हणाला, "बाई, काकवी आटवून ओढली की मिठाई होते. काड्या ओढून काय होतं?"

"गप रे मेल्या!"

आणि वर्ग गप्प झाला. मित्रांनो, मी पत्र्याचा. कुणी बाक सरकवला तरी माझ्या अंगात वाजतं. त्या घटकेला काही म्हणता काही वाजलं नाही. प्रश्न हवेत होता आणि नाव कुणाचं निघणार ते कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून तो प्रश्न सगळ्यांचा झाला! कुणाचे ओठ हलत होते, कुणी बोटानं बाकावर ओढा काढत होतं. ओबेडसुद्धा कपाळाला आठ्या घालून बसलेला. इतकी डोकी एकदम चालताना मी कधी पाहिली नव्हती. रात्री आभाळात उत्तरेचा हिरवा उजेड हलतो ना, आवाज न करता, तसं काहीतरी त्या खोलीत हलत होतं.

कडकन काडी सुटली. सेलिना नावाच्या लहानगीची. "समुद्र हलतो म्हणून, बाई."

"ओढाही हलतो," मागून कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी वळून बघितलं. मेलविना! "पण ओढा गोड्या पाण्याचा आहे. बाबांच्या मासे खारवायच्या मिठवणीच्या पिंपावर अजून बर्फ धरला नाही. मिठामुळं."

बाई तिच्या बाकापाशी गेल्या. "अगं, इतके दिवस होतीस कुठं तू?"

मेलविनानं जरा विचार केला. "इथंच होते, बाई. तुम्ही पुढं जायचात."

त्या दिवसापासून रीत बदलली. आधी प्रश्न, मग थांबायचं, मग काडी. एकानं उत्तर दिलं की बाई लगेच बरोबर-चूक म्हणत नसत. "तुला का वाटतं असं?" विचारायच्या, "कुणाला निराळं वाटतंय?" विचारायच्या. थांबताना त्या माझ्या काठावर बोटांनी मोजत राहायच्या.

शेवटी साहेब आले. बोट धक्क्याला, वाफ सोडत. साहेबांनी मेलविनाला उभं केलं आणि प्रश्नांचा मारा केला, नऊ साते किती, राजधानी कुठली. पोर छताकडं बघतेय. दाराशी एली, भिंतीचा आधार घेऊन.

"बाई, हे स्पष्टच दिसतंय," साहेब म्हणाले.

बाईंनी मला उचललं आणि साहेबांच्या हातात दिलं. "साहेब, एकच विचारा. तुम्हालासुद्धा विचार करावा लागेल असं. सगळ्यांना विचारा. आणि मग थांबा."

साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. मग सावकाश म्हणाले, "वारा जमिनीवरून समुद्राकडं वाहतोय. मग लाटा जमिनीकडं कशा येतायत?"

वर्ग गप्प. साहेबांनी तोंड उघडलं, बाईंनी नुसता हात वर केला. बोटीची शिट्टी झाली. कुणी हललं नाही. साहेबांची बोटं माझ्याभोवती घट्ट होती, आणि हळूहळू ती सैल पडली. अहो, तेही विचार करत होते! तपासायला आलेला माणूस पोरांसारखा कोड्यात पडला होता. पुन्हा शिट्टी. एलीनं डोळे मिटून घेतले.

साहेबांनी काडी काढलीच नाही. हळूच म्हणाले, "मेलविना?"

"ह्या लाटा आजच्या वाऱ्याच्या नाहीत, साहेब. बाहेर लांब कुठंतरी काल वारा सुटला असेल. त्याच्या लाटा आत्ता पोचतायत."

साहेबांनी वळून पुन्हा बाहेरच्या लाटांकडं पाहिलं. तेवढ्यात ओबेड म्हणाला, "म्हणजे साहेब, बोटीत तुम्ही उलट्या करून बेजार होणार!"

वर्ग फुटला हसून. साहेबही हसले. मला जपून टेबलावर ठेवलं, मेलविनापुढं टोपी काढली आणि एकटेच बोटीकडं निघाले.

तर मित्रांनो, आज कुणाला तरी असा प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच ऐकायचंय. आणि समोरचा आभाळाकडं बघत गप्प राहिला, तर एवढं करा माझ्यासाठी. त्याच्या वाटचं तुम्ही बोलू नका.