जबड्यातला कोल्हा

सौदीतल्या हफ्र अल बातिनच्या वाळवंटात कफीलच्या, म्हणजे अरब मालकाच्या, शिकारी कुत्र्याने कोल्हा धरला आणि शिकवल्याप्रमाणे जिवंतच त्याला सांभाळणाऱ्या नोकरापुढे, कादिरपुढे, आणला. सशाला अशा वेळी बिस्मिल्ला म्हणून सुरी लावतात. कोल्हा तर खायचाही नाही, मग मेल्यांनो, शिकारबंदी मोडून त्याचा जीव घेता कशाला? याच संतापात रत्नागिरीच्या कादिरने सकाळी गुपचूप गस्तीच्या रक्षकांना फोन केला होता. आता त्यांच्या गाडीची धूळ दिसू लागली. ते येईपर्यंत पुरावा जबड्यात राहायला हवा होता. पण कोल्हा थरथरत त्याच्याकडेच बघत होता.

“सोड!” कादिर ओरडला. कोल्हा लंगडत पळाला.

रक्षक आले, रिकाम्या हाताने परतले.

कफीलने कादिरला मिठी मारली. “शाबास, मला वाचवलंस! पुढच्या जुम्म्याला पुन्हा येऊ.”