रेषेबाहेरचं फूल

डॉक्टरीणबाईंनी व्यायामाचं नाव काढलं आणि तिचं डोकंच फिरलं. व्यायाम कुणाला सांगावा, याला काही धरबंध? तिचा नवरा लोकांचं सामान हलवायचा. घर बदलणाऱ्यांची कपाटं, फ्रीज, कपडे धुण्याची मशिनं खांद्यावर पट्टा अडकवून चार-चार जिने चढवायची आणि वर जाऊन "कुठे ठेवू?" असं विचारायचं, हा त्याचा धंदा. अशा माणसाला व्यायाम सांगायचा म्हणजे स्वयंपाक्याला सांगायचं, की अधूनमधून चुलीजवळ उभा राहत जा.

"हे दिवसभर तेच तर करतात," ती फणकारली. नवरा शेजारच्याच खुर्चीत बसला होता, पण वर्षभरात त्याच्या वतीने बोलायची तिला सवय होऊन गेली होती.

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. उदासीवरच्या गोळ्या चालूच राहणार, दाखवायला यायचंच, हे फक्त त्याच्या जोडीला, असं त्यांनी समजावलं. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण बऱ्याच जणांना येतो. मग त्या सरळ त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "कपाट चढवणं हे काम झालं. ते पडलं तर नुकसान होतं. मला असं काहीतरी हवंय, जे बिघडलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. खेळा काहीतरी."

"चालेल," नवरा म्हणाला.

वर्षभर त्याच्या तोंडी तेवढाच शब्द उरला होता. जेवायला काय करू, चालेल. पंखा कमी करू का, चालेल. हाच माणूस पूर्वी पंख्याच्या बटणावरून घर डोक्यावर घ्यायचा. बरं, झालं काय म्हणावं, तर काहीच नाही. कुणी गेलं नव्हतं, धंदा बुडाला नव्हता, नवरा-बायकोत बेबनाव नव्हता. येणारा-जाणारा मात्र कारण विचारायचा आणि ती कानकोंडी व्हायची. ती घरी बसून लोकांचे कपडे मापाचे करून द्यायची. कारण सापडलं असतं तर तिने तेसुद्धा उसवून नीट शिवलं असतं. सापडलं नाही, म्हणून ती त्याच्या पँटीची कंबर तेवढी आत घेत राहिली.

धाकट्या दिराला तर पत्ताच नव्हता. दोघं भाऊ मिळून धंदा बघायचे, आणि दीर कौतुकाने सांगायचा, की दादा हल्ली गिऱ्हाइकाशी अजिबात हुज्जत घालत नाही, लोक जाम खूश आहेत. तिने कपाळावर हात मारून घेतला होता.

मागच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता विचारलं होतं, की जीव नकोसा वाटतो का. तो आपल्या तळहातांकडे बघत म्हणाला, "माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही, असं वाटतं." डॉक्टरीणबाईंनी औषध बदललं, त्याला एकटं सोडू नका म्हणून सांगितलं, काही वाटलं तर कधीही फोन करा म्हणाल्या. त्या दिवसापासून गच्चीची किल्ली तिच्या पर्समध्ये असायची. आणि त्या दिवसापासून ती त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपायला लागली. त्याच्यापुढे आवाज चढवायचा नाही, "नाही" म्हणायचं नाही, चुकला तरी "बरोबर आहे तुमचं" म्हणायचं. संसारात बायकोने असं वागायचं म्हणजे काय शिक्षा असते, ते ज्याचं त्याला ठाऊक.

तर खेळायचं काय? आधी तिने त्याला सकाळी फिरायला नेलं. तो मान खाली घालून, जवळच्या रस्त्याने, ट्रक थांबलाय अशा घाईने बागेपर्यंत गेला, तसाच परत आला आणि दारात उभा राहून म्हणाला, "झालं?" दोन-चार सकाळी हेच. तिला हसूही येईना आणि रडूही येईना.

मग मेजर मध्ये पडला. मेजर म्हणजे खालच्या मजल्यावरचा प्लंबर. सैन्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, पण सगळ्या इमारतीला हुकूम सोडायची सवय, म्हणून मेजर. संध्याकाळी गाड्या यायच्या आत तो इमारतीखालच्या पार्किंगमध्ये दोरी बांधून बॅडमिंटन खेळायचा, आणि त्याला कायम गडी कमी पडायचे. तिने त्याला आणि दिराला खरं काय ते सांगून टाकलं. दिराचं तोंड उतरलं. मेजर एवढंच म्हणाला, की सहाला खाली या.

पहिल्या दिवशी नवऱ्याने काय करावं? पार्किंग झाडलं, कडेची जुनी सायकल उचलून कोपऱ्यात लावली, दोरी अशी ताणून बांधली की मेजर बघत राहिला, खडूने रेषा आखल्या, आणि काम संपलं म्हणून पायरीवर जाऊन बसला. मेजरने दंडाला धरून उठवला तेव्हा कुठे रॅकेट हातात घेतली. दोघे भाऊ एका बाजूला, मेजर आणि ती दुसऱ्या बाजूला.

तो वाईट खेळत नव्हता, हीच तर गंमत. आयुष्यभर वस्तू पडू द्यायची नाही, हेच तो शिकला होता. कुठूनही शटलचं फूल येऊ दे, तो लांब हात करून ते अलगद उचलायचा आणि काचेचं भांडं दुसऱ्याच्या हातात द्यावं तसं समोरच्याच्या रॅकेटवर नेऊन ठेवायचा. समोरच्याने नीट धरलं की नाही, हे बघेपर्यंत नजर हलायची नाही. गुण कुणाला मिळाला, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. मेजर सटासट मारायचा, भाऊ हरायचे, दीर कुरकुरायचा.

"अरे, मी काय तुझं कपाट धरायला उभा आहे का?" मेजर एकदा वैतागला. "पाड की माझ्याकडे."

तिला त्याचा असा राग आला. नंतर जिन्यात गाठून तिने त्याला सुनावलं, की आजारी माणसाशी असं बोलतात का. मेजरने मान डोलावली, सॉरी म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तस्संच बोलला.

दिवस गेले. चमत्कार वगैरे काही झाला नाही. काही संध्याकाळी तो एक बूट हातात धरून पलंगावर बसून राहायचा आणि ती एकटीच खाली जाऊन आज नाही म्हणून सांगून यायची. पण कधी तिच्या आधी त्याचे बूट चढलेले असायचे. एकदा त्याने पाणी मागून घेतलं. एकदा भावाच्या फजितीवर नाकातून हसल्यासारखं काहीतरी केलं. ती हुरळून गेली नाही. हुरळून जायची तिला भीतीच वाटायची.

आणि एका संध्याकाळी, दोन्हीकडचे गुण बरोबरीत आले होते, शेवटचं फूल. मेजरने ते उंच उडवलं. ते नवऱ्याच्या डोक्यावर आलं. नेहमीप्रमाणे आपल्या रॅकेटवर आणून ठेवेल, म्हणून ती हात अर्धवट वर करून निवांत उभी होती. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि असं काही हाणलं की फूल तिच्या कानाजवळून सणकन मागे गेलं.

तिने वळून बघितलं. रेषेच्या मागे पडलं होतं.

"बाहेर," ती म्हणाली.

"आत होतं," नवरा म्हणाला.

मेजरने घाम पुसता पुसता हात थांबवला. नवरा दोरीखालून वाकून इकडे आला, उकिडवा बसला आणि रेषेच्या आत बोट टेकवून म्हणाला, "इथे पडलं. उडून मागे गेलं."

धडधडीत खोटं होतं ते. दीर भावाच्या पाठीमागून तिला डोळ्यांनी विनवत होता, देऊन टाका ना वहिनी, एका गुणाने काय होतंय. तिच्याही ओठांवर आलंच होतं, "बरोबर आहे तुमचं." इतके दिवस तेच तर म्हणत होती. पण तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड लाल झालं होतं, नाकपुड्या फुलल्या होत्या, आणि चुकलेल्या, हट्टाला पेटलेल्या कुठल्याही धडधाकट नवऱ्यासारखा तो तिच्याकडे रोखून बघत होता. त्याला तो गुण हवा होता. वर्षभरात पहिल्यांदा त्याला काहीतरी हवं होतं. अशा माणसाला गुण भीक म्हणून द्यायचा नसतो, हे तिला आतून कळलं.

"वीतभर बाहेर होतं," ती म्हणाली.

"तुला चष्मा लागलाय."

"सुईत दोरा ओवते मी अजून, चष्म्यावाचून. तुम्हीच बघा नीट."

मेजर म्हणाला, की परत खेळा तो गुण. त्यावर दोघं एकदमच त्याच्या अंगावर गेली, की तू मध्ये पडू नकोस. गुण कुणालाच मिळाला नाही. पहिली गाडी आत आली, दोरी सोडावी लागली, आणि दोघं भांडत भांडत जिना चढायला लागली. तो पुढे, ती मागे. रेषा कुणी आखल्या, फूल कसं उडतं, मेजर कसा तुझ्या बाजूने बोलतो, सगळं निघालं. दुसऱ्या मजल्यावर तो थांबला, वळला आणि रॅकेट तिच्यावर रोखून म्हणाला, "उद्या दाखवतो तुला."

उद्या. ती कठड्याला धरून उभी राहिली. डोळे असे भरून आले की पुढची पायरी दिसेना. त्याने वाट बघितली, आणि तिला वाटलं, आता हा नरमेल. तिने पदराने तोंड पुसलं, दम घेतला आणि त्याच्याकडे बघून म्हणाली, "बाहेरच होतं."