जांभई आणि दादांचा हात

लुळा हात वर आला आणि शे-दीडशे माणसांनी "नागनाथबाबा की जय!" म्हणून आखाडा दणाणून सोडला.

ही सत्त्याऐंशी सालच्या उन्हाळ्यातली, पूर्णा तालुक्यातली गोष्ट. दर रविवारी बाबांच्या शेतातल्या आखाड्यावर बैलगाड्या आणि जीपा लागायच्या. लकवा मारलेली माणसं बाजेवर घालून आणलेली असायची, कुणी मुलाच्या पाठीवर असायचं. आदल्या रात्री रोग्याला डोळा लागू द्यायचा नाही, जागवूनच आणायचं, असा बाबांचा हुकूम होता. मूठभर मीठ-मिरच्या घेऊन बाबा रोग्यावरून ओवाळायचे आणि ओवाळता ओवाळता आ वासून जांभया द्यायचे. दृष्ट काढणारीला जांभया आल्या की आपल्या बायका म्हणतात, लई जबर लागली होती. त्यामुळे बाबांची जांभई म्हणजे त्यांचं सर्टिफिकेटच होतं.

"बाहेरचं वारं हाय हे!" बाबा जांभईतूनच बोलायचे. "डाक्टरला नाडी दिसती, वारं दिसत न्हाई. म्या ते तोंडानं ओढून घ्यायलोय. पाच रविवार या. तवर इंग्रजी गोळी बंद. गोळी गरम असती, वारं चवताळतं!"

गोळीनं वारं चवताळतं हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय, असं निदान मी तरी विचारायला हवं होतं. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. पण बाजेवर माझे थोरले भाऊ होते. बाबांनी त्यांच्या तोंडासमोर जांभई दिली, दादांनाही जांभई आली, आणि महिनाभर लाकडासारखा पडलेला त्यांचा उजवा हात सावकाश छातीपर्यंत उचलला गेला. बोटंही उघडली. कुसुमवहिनी हुंदके देत बाबांच्या पायावर पडल्या. मी हात जोडले. खोटं कशाला सांगू, मीही रडलो.

माझे दादा, माणिकराव, चुडावा स्टेशनवर पॉइंटमन होते. गाडी आली की उजव्या हातानं हिरवी झेंडी धरायची, हे त्यांनी बावीस वर्षं केलं. त्या हाताचा त्यांना फार अभिमान. एका सकाळी झेंडी हातातून गळाली, तोंड वाकडं झालं, बोबडी वळली. आम्ही त्यांना नांदेडला नेलं, पण दुपार झाल्यावर. सकाळचा वेळ कांदा हुंगवण्यात आणि तोंडात पाणी घालण्यात गेला. ते पाणीही त्यांना गिळता येत नव्हतं.

नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं होतं. "मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आहे. मूळ दुखणं रक्तदाबाचं. ही गोळी रोज, जन्मभर. मीठ कमी, तंबाखू बंद. बसवून, लहान लहान घास भरवा. हातपाय रोज हलवून घ्या. हात येईल की नाही सांगता येत नाही. पण दुसरा झटका येऊ द्यायचा नाही, हे आपल्या हातात आहे."

"हात येईल की नाही सांगता येत नाही" असं खरं बोलणाऱ्या बाईंपेक्षा "पाच रविवारात उठवतो" म्हणणारा माणूस आम्हाला जवळचा वाटला. त्या रविवारपासून गोळ्यांचं पाकीट कोनाड्यात पडून राहिलं.

तिसरा रविवार झाल्यावर एका दुपारी वहिनी धावत माझ्याकडे आल्या.

"भावजी, बाबाची कृपा घरपोच यायली! मालक निजाया लागले की हात आपसूक वर येतो बगा."

मी जाऊन दादांजवळ बसलो. म्हटलं, "दादा, झेंडी वर करा." त्यांनी डोळे मिटून जोर लावला. कपाळाला घाम आला, पण बोटसुद्धा हललं नाही. थोड्या वेळानं त्यांना पेंग आली, जांभई आली आणि हात वर आला. जांभई संपली, हात पडला. मग मी मुद्दाम त्यांच्यासमोर मोठी जांभई दिली. त्यांना पुन्हा जांभई आली, पुन्हा हात उचलला गेला. मीठ नव्हतं, मिरची नव्हती, बाबा तर आठ मैलांवर होते.

दुसऱ्या दिवशी पहिली गाडी धरून मी नांदेड गाठलं. डॉक्टरीणबाईंना नवल वाटलं नाही.

"हात उचलायचं आपण ठरवतो, तो हुकूम मेंदूच्या वरच्या भागातून निघतो. ती वाट तुटली आहे," त्या म्हणाल्या. "जांभई आपण ठरवून देत नाही. तिचा हुकूम खालून, मेंदूच्या बुडाकडून निघतो आणि वेगळ्या वाटेनं जातो. कधी कधी त्या धक्क्यानं लुळा हातही उठतो. म्हणून तो बरा झाला असं नाही. गोळ्या चालू आहेत ना?"

मी खाली बघितलं.

"किती दिवस बंद आहेत?"

"अठरा."

"मास्तर, आत्ताच्या आत्ता घरी जा."

चुडाव्याला उतरलो तेव्हा स्टेशनमास्तरच समोर आले. माणिकरावांना तासाभरापूर्वी दुसरा झटका आला होता. त्याच संध्याकाळी आम्ही त्यांना परत नांदेडला नेलं. या खेपेला मेंदूत रक्तस्राव झाला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी, शुद्ध नसतानाच, दादांनी जांभई दिली आणि उजवा हात छातीवर आला.

"भावजी, हात! हात उठला!" वहिनींचा चेहरा उजळला.

दुपारी दादा गेले.

तेरावं झाल्यावर मी वहिनींना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "रविवारी मला तिथं न्या."

बाबांनी आम्हाला ओळखलं. "बाई, तुमी चवथा रविवार मोडला. म्हून असं झालं."

"रविवार म्या मोडला न्हाई, बाबा. माझा माणूस मेला."

समोर बाजेवर कडूबाई नावाची म्हातारी होती, रात्रभर जागवलेली. वहिनी तिच्याजवळ बसल्या आणि हातात काहीही न घेता त्यांनी जांभई दिली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा कडूबाईला जांभई आली आणि तिचा डावा हात वर आला.

"जय!" मागून कुणीतरी ओरडलं.

"गप ऱ्हावा!" वहिनी म्हणाल्या. "म्या काय बाबा हाय? माय, आता मी सांगती म्हून हात उचल."

कडूबाईनं ओठ दाबून जोर लावला. हात हलला नाही. म्हातारी मुसमुसून रडायला लागली, आणि तिला पोटाशी धरून वहिनीही रडल्या. आम्ही तिची आशा काढून घेतली होती. ते काम करताना मला कसलाही आनंद झाला नाही.

बाबांची माणसं अंगावर धावून आली, शिव्याही दिल्या. पुढच्या रविवारी आखाडा रिकामा नव्हता, निम्मा भरलेला होता. पण त्या दिवशी कडूबाईचा मुलगा आमच्या मागोमाग जीपपर्यंत आला.

"मग आईला कुठं न्यावं, बाई?"

"नांदेडला. अन् गोळी कदीच बंद करू नगंस, लेकरा."

मीही तेच सांगतो. तोंड वाकडं झालं, हात गळाला, जीभ अडखळली, तर ना कांदा, ना अंगारा. तोंडात पाणीसुद्धा घालू नका. मिळेल त्या गाडीनं दवाखाना गाठा. आणि कुणी चमत्कार दाखवला तर एक साधी परीक्षा घ्या.

ती मला पहिल्याच रविवारी घेता आली असती. सगळे जयजयकार करत होते तेव्हा वाकून एवढंच म्हणायचं होतं, "दादा, झेंडी वर करा." मी विज्ञानाचा मास्तर, आणि मी हात जोडून उभा राहिलो.