लहान्याची तीन वर्षं

माझ्या नावाचा माणूस मी तीन वर्षांचा असतानाच मेला. खोटं नाई सांगून राह्यलो. संघपाल हा माझा थोरला भाऊ. आमच्या गावच्या, तलमडुगूच्या शाळेत पयलीत तेचं नाव घातलं, त्याच साली ताप डोक्यात गेला अन् चार दिवसांत खलास. पुढं दोन वर्षांनी बाप मले घेऊन मास्तरकडं गेला. दुसऱ्याच्या वावरात राबणारा माणूस, तेले कागदाचं लय भेव. म्हणाला, गुरुजी, या घरचं एक नाव तुमच्या रजिस्टरात लिवेल हायेच, मंग पुन्हा काऊन लिवता? मास्तरलेही काम कमीच पायजे होतं. तेनं संघपालले दोन वर्षं नापास दाखवलं अन् तेच्या जागेवर मले बसवलं. तवापासून मी कागदावर तीन वर्षांनी मोठा. घरात मले लहान्या म्हणत, ते त्या दिवसापासून बंद झालं.

आदिलाबादच्या एका जिनिंग मिलमधी मी बत्तीस वर्षं कारकुनी केली. पोटाले चिमटा काढून आधी पीपीएफ भरला, मंग पेन्शन योजना. टॅक्सही वाचे अन् म्हातारपणाची सोयही होये. पण दर मार्चात फॉर्मावर जन्मतारीख लिवाची वेळ आली का मी पेन खाली ठेवे. वाटे, पैसे मी भरून राह्यलो अन् म्हातारपण त्या मेलेल्या भावाचं जमून राह्यलं. मिलचा जिना चढताना तीन पायऱ्या पुढं कोणाचे तरी पाय वाजत. मान वर केली का कोणी नसे. पंचफुला, म्हणजे माझी बायको, म्हणे तुमाले पित्त झालं. तिच्याजवळ सगळ्याले एकच औषध, जिरं चावा.

यंदा कागदावर साठ भरले. मिल मले घरी बसवणार होती. मी तं खरा सत्तावन्नचाच, अन् सगळं गणित खऱ्या साठीवर मांडलं होतं. पेन्शनचा पैसा शेवटच्या वर्षांतच खरा वाढते, अन् तीच तीन वर्षं तो मेलेला पोरगा घेऊन चालला होता. माझ्यामागं पंचफुलाच्या हाती काय राहीन, या विचारानं माझी झोप उडाली.

आमचे टॅक्सचे कागद करणारे उत्तमराव मलेच समजावून राह्यले होते. जाऊ द्या म्हणे, ज्येष्ठ नागरिकाले ठेवीवर व्याज जास्त, टॅक्सात सूट जास्त, अन् पेन्शन तं हयातभर. माझं डोकंच फिरलं. साव्या वर्षी गेलेल्या पोराले हयातभर पेन्शन! मी म्हटलं, मले तुमची सूट नको, माझी तीन वर्षं पायजेत. तवा ते म्हणाले, आईचा हलफनामा घेऊ, म्हणजे शपथेवरचा कागद, थोरला वारला अन् हा धाकटा हाये असा. तेवढ्यावर मिलचा मालक वय दुरुस्त कराले तयार होता.

आई चौऱ्याऐंशीची, पण डोकं एकदम साफ. सकाळी अकरा वाजता उत्तमराव घरी आले, कागद वाचून दाखवला, तिच्या अंगठ्याले शाई लावली. तिनं अंगठा पदराले पुसून टाकला.

"थोरला नाई गेला," ती म्हणाली. "लहान्या गेला."

मी म्हटलं, "आई, मंग मी कोण?"

"तू संघपाल. तुह्या बापानं तुले त्या नावावर बसोलं, त्या दिवशी मी लहान्यासाठी रडून घेतलं. दोघं कशे जगवाचे होते एका नावात? आता तुले तीन वर्षं पायजेत, म्हणून मी संघपालले पुन्हा गाडू?"

पंचफुला, जी मले एक शब्द जास्त बोलू देत नाई, उठून चुपचाप चुलीकडं गेली. मले आधी आईचा राग आला, मंग भेव वाटलं. जन्मभर मी समजलो का मेलेला तो, अन् तो माझ्यापुढं चालून राह्यला. मेलेला तं मी होतो, तेच्यामागं फिरणारा. मी कागद फाडला. उत्तमरावांनी चहासुद्धा घेतला नाई.

महिन्याच्या शेवटी मिलनं शाल-नारळ दिलं. घरी पेढे आणले. आईनं माझ्या तोंडावरून हात फिरवला अन् म्हणाली, माझा संघपाल सुखानं म्हातारा झाला. एवढी खुश मी तिले कधीच पाह्यली नव्हती. मंग तिनं एक पेढा माझ्या हातावर ठेवला. बाहेर ओट्यावर ठेव म्हणाली, लहान्यासाठी. तेले कधी काई भेटलं नाई.

मी ओट्यावर पेढा ठेवला. रस्त्यानं माणसं येत-जात होती. बराच वेळ बाजूले बसून राह्यलो, मंग तो उचलून मीच खाल्ला. खाताना रडू आलं.

आतून आईनं इचारलं, "घेतला का रे त्यानं?"

"व्हय," मी म्हटलं. "घेतला."