आधीच एक काका होते

बाबा सापडले. तब्येत चांगली आहे, दाढी वाढली आहे, वजन थोडं उतरलं आहे आणि ते त्यांना शोभतं.

वरचं सगळं रद्द समजावं. बाबा सापडलेले नाहीत, मी त्यांना शोधायला गेलोच नव्हतो, आणि आईने विचारलं तर ते अंघोळीला गेलेत.

आईला मी हेच सांगत आलोय. आई सध्या ताईकडे असते, ताईच्या बाळासाठी, विमानाने जावं लागतं इतक्या लांब. दर रविवारी तिचा फोन येतो.

"बाबा कुठायत?"

"अंघोळीला."

"मागच्या रविवारीही अंघोळीलाच होते."

"आज डोक्यावरून करतायत."

आई खुळी नाही. ती पुढे काही विचारत नाही, मीही काही सांगत नाही, आणि मग आम्ही दोघं बाळाच्या दातांवर बोलतो. आमचं घर याच पद्धतीवर चालतं आणि आजवर तरी बंद पडलेलं नाही.

बाबांनी जन्मभर बाटल्यांची झाकणं पाडणाऱ्या मशिनवर काम केलं. त्यात कान गेले आणि आवाज वाढला. ते मीठ मागतात तेव्हा खालच्या मजल्यावरचे लोक मीठ घेऊन येतात. निवृत्त झाल्यावर मशीन थांबलं, त्यापाठोपाठ आई ताईकडे गेली, आणि दोन खोल्यांत आम्ही दोघं आणि फ्रिज एवढेच उरलो. तिघांत फ्रिज बोलका. एके सकाळी बाबा म्हणाले, "या घरात फार आवाज आहे." मी टोस्ट खात होतो. मी चावणं थांबवलं. त्यांनी फ्रिज बंद केला, थोडं थांबले, मान हलवली आणि म्हणाले, "जरा जाऊन येतो." निळी ताडपत्री घेतली, किटली घेतली, बटाट्यांची पिशवी घेतली. जरा म्हणजे किती, हे आमच्याकडे विचारत नाहीत. फ्रिज मी संध्याकाळी चालू केला. काहीतरी बोलायला हवं होतं घरात.

आता माझ्या नोकरीबद्दल. मी एका कंपनीत बसून लोकांना फुकट मुक्कामाच्या जागा शोधून देतो. डोंगरातल्या जंगलात अशा जागा असतात, जिथे तंबू ठोकला तर कुणी पावती फाडत नाही. नळ नाही, दिवा नाही, संडास नाही, नेटवर्क नाही. थोडी सपाट जमीन, दगडांचं एक कडं, त्यात कुणाची तरी थंड राख. आमच्या नकाशावर अशा जागेला हिरवा ठिपका मिळतो. हिरवा ठिपका मिळायची अट अशी की तिथे काहीही नसलं पाहिजे. एका जागेवर कुणीतरी मोडकी खुर्ची टाकून गेलं, तर आमच्या मॅडमनी तिचा ठिपका काढून घेतला. म्हणाल्या, "खुर्ची म्हणजे सोय झाली." लोक तक्रारी करतात, "इथे काहीच नाही." आम्ही उत्तर देतो, "धन्यवाद, कळवल्याबद्दल आभारी आहोत."

या जागा कशा शोधायच्या हे मी शाळेत असतानाच शिकलो होतो. बाबा आम्हाला सुट्टीत न्यायचे. ते म्हणायचे, डांबर संपलं की पावती संपते. लाकडाचे ट्रक पूर्वी जिथून जायचे त्या मातीच्या रस्त्याला लागायचं. ट्रकला वळायला जागा लागते, म्हणून दर काही वळणांनंतर एक सपाट तुकडा असतोच. ओढ्याच्या फार जवळ बसायचं नाही, झाड तोडायचं नाही, पडलेली काटकी वेचायची, आणि निघताना पुढच्यासाठी वाळलेल्या लाकडांची चवड रचून ठेवायची. आणि सगळ्यात मोठा नियम: आधी पोचेल त्याची जागा. कुणी आधीच बसलेलं दिसलं तर उतरायचं नाही, विचारायचं नाही. त्याने हात वर करायचा, आपण हात वर करायचा, आणि पुढे जायचं.

एकदा संध्याकाळी पावसात आम्ही असेच एकामागून एक हात वर करत चाललो होतो. आईच्या मांडीवर स्टोव्ह. आई म्हणाली, "अहो, विचारा तरी."

"विचारायचं नसतं."

"अहो, पण तो माझा भाऊ होता!"

खरोखरच मामा होता. मामीसकट. आम्ही आपण होऊन सख्ख्या मामाला हात करून पुढे निघून आलो होतो. बाबा म्हणाले, "मग? त्यानेही हात केला की." त्या रात्री आम्ही गाडीत बसून झोपलो. आई ही गोष्ट प्रत्येक लग्नात सांगते.

तर ऑफिसात तक्रारी यायला लागल्या. "जागा उत्तम, पण आधीच एक काका होते." दुसरी, दुसऱ्याच डोंगरातून: "काकांनी हात करून पुढे पाठवलं." तिसरी: "काका आपणहून लांबूनच ओरडले की पुढच्या वळणावर जागा आहे. कान अजून वाजतोय." मॅडम म्हणाल्या, "हे काका किती आहेत?"

"म्हणजे?"

"सगळे काका एकच असतील तर तक्रार एकच धरता येईल. आकडा सुधारेल. तू जाऊन बघून ये."

एका तक्रारीसोबत फोटो होता. माणूस दिसत नव्हता, कोपऱ्यात किटली दिसत होती. तिची मूठ सायकलच्या ब्रेकच्या तारेची होती. ती मूठ बसवताना टॉर्च मी धरला होता. मी मॅडमना म्हणालो, "जातो." मला त्यांच्या आकड्याशी काही घेणं नव्हतं. मला त्या किटलीतला चहा त्या किटलीशेजारी बसून प्यायचा होता, आणि येत्या रविवारी आईला एकदा खरं सांगायचं होतं. याहून जास्त काही नको होतं. कमीही नको होतं.

शेजाऱ्यांची जुनी गाडी मागून घेतली. फोटोतला डोंगर सुरू होतो तिथे वनखात्याची चौकी आहे. वनरक्षक खिडकीत बसून पेन्सिलीला टोक करत होता.

"कुठे?"

"वर. वडिलांना शोधतोय."

"हरवलेत?"

"नाही, सापडत नाहीयेत."

"मग चांगलंय. हरवल्याची नोंद पोलिसांकडे करावी लागते. सापडत नसल्याची कुठेच करावी लागत नाही." त्याने टोक तपासलं. "निळी ताडपत्री? मोठा आवाज?"

"हो!"

"मला हात करून पुढे पाठवतात हो. मी गस्तीवर असतो. माझं जंगल आहे. तरी हात वर झाला की माझा पाय आपोआप पुढे पडतो." तो जरा शरमला. "बघा सापडतायत का. पण तंबू त्यांच्या शेजारी ठोकू नका. दोन मुक्कामांत हाकेपेक्षा जास्त अंतर पाहिजे. वरून आदेश आहे."

"हाकेचं अंतर म्हणजे किती?"

"मोजलंय ना. मी एका जागी उभा राहून ओरडत राहिलो आणि आमचा माळी चालत गेला. त्याला ऐकू येईना तिथे खुंटी ठोकली. मग त्या खुंटीपाशी मी उभा, पुढची खुंटी. अख्खा डोंगर असाच मोजला."

"चांगलं मोजलंत."

"कसलं चांगलं! त्या दिवशी माझा घसा बसला होता."

डांबर संपलं. पावती संपली. मातीच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी उंच सरळ पाइनची झाडं, आणि वळणावळणावर एकेक सपाट तुकडा. पहिल्या तुकड्यावर कुणी नव्हतं. राख थंड, शेजारी लाकडांची चवड, जाड लाकडं खाली, बारीक वर, टोकं एका रेषेत. झाकणं मोजून डब्यात भरणाऱ्या माणसाची चवड. पुढच्या तुकड्यावरही तशीच चवड. त्याच्या पुढच्यावरही. बाबा डोंगरभर दुसऱ्यांसाठी लाकडं रचत हिंडत होते आणि कुणालाही शेजारी बसू देत नव्हते. मी प्रत्येक ठिकाणी उतरून राखेत हात घातला. माझ्या ऑफिसच्या दृष्टीने या सर्व जागा उत्कृष्ट होत्या. काहीही नव्हतं.

ऊन तिरपं झालं तेव्हा एका वळणावर निळी ताडपत्री दिसली.

बाबा उलट्या बादलीवर बसून बटाटा सोलत होते. किटली चुलीवर होती. दाढी पांढरी, शर्ट तोच, घरून घालून गेलेला. मी गाडी हळू केली. त्यांनी वर बघितलं. त्यांनी मला ओळखलं. ओळखलं हे मी शपथेवर सांगू शकतो, कारण त्यांचा बटाटा हातातून पडला.

आणि त्यांनी हात वर केला.

मीही हात वर केला. गिअर टाकला आणि पुढे गेलो.

पुढचं वळण पार होईपर्यंत मला यात काही चुकलंय असं वाटलंच नाही. उलट एक काम नीट पार पडल्याचं समाधान होतं. मग लक्षात आलं की ज्या माणसासाठी मी एवढा डोंगर चढून आलो, त्याला नुकताच हात करून आलोय. परत फिरावं म्हटलं, तर फिरता येईना. गाडी वळत होती, जागाही होती. पण आधीच्या मुक्कामाकडे कुणी परत गेलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. कसं जायचं असतं? काय म्हणायचं असतं? "नमस्कार, मी मघाचाच"?

तिथेच खुंटी होती. मी खुंटीच्या पलीकडे तंबू ठोकला. तो तंबूसारखा दिसेपर्यंत सूर्य गेला. मी गाडीतला पाव काढून बसलो. झाडं वाऱ्यात आवाज करत होती, लांबून फ्रिजसारखा.

मग जंगलातून आवाज आला.

"दोरी सैल आहे!"

मी दोरी बघितली. सैल होती. त्यांना ती दिसणं शक्य नव्हतं. माझी दोरी सैलच असते, एवढंच त्यांना माहीत होतं.

"जेवलास का?"

"हो!" मी ओरडलो.

शांतता. मग, "काय?"

"हो! पाव खाल्ला!"

"काय?"

मी उभा राहिलो, हाताचा कर्णा केला, घसा फाटेस्तोवर ओरडलो, "जेवलो, बाबा!" एक पक्षी उडाला. बाकी काही झालं नाही. वनरक्षकाचा घसा बसला होता, म्हणून खुंट्या जवळ आल्या होत्या, म्हणून बाबा मला स्वच्छ ऐकू येत होते. पण मी त्यांना कसा ऐकू येणार? त्यांना तर मी टेबलापलीकडूनही ऐकू येत नसे.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "बरं, बरं." जणू मी काहीतरी सांगितलं होतं.

"आई आली का?"

"नाही अजून!"

"हां. मग ठीक." पुन्हा जरा थांबून, "बाळाला दात आले?"

"दोन!"

"वा!"

संध्याकाळ अशी गेली. ते विचारत होते, मी उत्तर देत होतो, उत्तर पोचत नव्हतं, आणि ते बरोबर तेवढा वेळ थांबून पुढचं विचारत होते. घरात आम्ही इतकं कधी बोललो नव्हतो. शेवटी ते म्हणाले, "तुझ्यासाठी ठेवलाय." काय ठेवलाय ते कळलं नाही. मी ओरडून विचारलं, "काय?" त्यांना ऐकू आलं नाही. ते म्हणाले, "हो, हो. झोप आता."

सकाळी मी परत फिरलो. मुक्काम हलल्यावर जागा सगळ्यांची होते, तेव्हा जायला हरकत नव्हती. निळी ताडपत्री नव्हती, किटली नव्हती. लाकडांची चवड होती, टोकं एका रेषेत. राख कोमट. बादलीची गोल खूण होती, आणि तिच्या समोर, चुलीच्या दुसऱ्या बाजूला, एक जाड ओंडका. तो आदल्या दिवशी नव्हता. मातीत ओढून आणल्याचा ताजा चर होता, पार झाडांपासून चुलीपर्यंत; मध्ये दोन जागी दम खाल्ल्यासारखा तुटलेला. ओंडक्याचा सपाट भाग वर करून ठेवला होता. त्यावर एका पानावर भाजलेला बटाटा, सालासकट, गार झालेला.

ते वाट बघत बसले होते. नियम त्यांनीही मोडला नाही, मीही मोडला नाही.

मी ओंडक्यावर बसून बटाटा खाल्ला. मीठ नव्हतं. जोरात मागितलं, कुणी आणून दिलं नाही.

ऑफिसात मी कळवलं: सर्व काका एकच. मॅडम खूश झाल्या. त्या जागेचा हिरवा ठिपका मात्र काढून घ्यावा लागला, कारण तिथे आता बसायची सोय झाली आहे.

रविवारी आईचा फोन आला. "झाली का अंघोळ?"

"होत आली. अंग पुसतायत."

आईने विचारलं, "गार पाण्याने करत नाहीयेत ना?"

"नाही," मी म्हणालो. "शेकोटी असते."

या वेळी तिने बाळाच्या दातांचा विषय काढला नाही. त्याच संध्याकाळी मी वनखात्याला अर्ज पाठवला. मजकूर असा:

मा. महोदय, आपल्या अखत्यारीतील जंगलात दोन मुक्कामांमध्ये हाकेपेक्षा जास्त अंतर ठेवण्याच्या नियमातून एक वडील व एक मुलगा यांना एका संध्याकाळपुरती सूट मिळावी. सूट देणे शक्य नसल्यास, सदर अंतर ओरडणाऱ्याच्या घशावरून न मोजता ऐकणाऱ्याच्या कानावरून मोजण्यात यावे, व त्यानुसार संपूर्ण डोंगरातील खुंट्या काढून एकाच चुलीच्या दोन बाजूंना नव्याने ठोकण्यात याव्यात, ही नम्र विनंती.