इंजिनात पडलेल्या अक्षता

मित्रांनो, मी एक जुने पत्र्याचे झाकण आहे. मोटारीच्या इंजिनावर माझी जागा असे. माझ्याखाली व्हॉल्व्ह खालीवर नाचत आणि त्यांच्यावरचे तेल मी बाहेर उडू देत नसे. लोक मात्र कौतुक करत ते भोंग्याचे. झाकणाला कोण विचारतो!

१९३६ साली वसमतच्या युसूफभाईंनी आमची मोटार जुनीच विकत घेतली. तिच्यातून ते माणसे आणि हळदीची पोती नेत. त्यांची बायको खतीजाबी. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. चूल पेटली की विझली, हे ती हात पुढे करून ओळखायची. एकदा परगावचे डोळ्यांचे डॉक्टर नांदेडला आले. दुसऱ्याच दिवशी ते परत जाणार होते, म्हणून पहाटेच निघायचे ठरले.

त्या दिवशी खंडेनवमी होती. शेजारच्या पारुबाई घरच्या विळ्या-कुऱ्हाडींबरोबर आमच्या मोटारीचीही पूजा करत. युसूफभाई इंजिनात तेल ओतून हात धुवायला गेले होते. तेल ओतायचे माझे तोंड उघडेच राहिले होते. खतीजाबीचा प्रवास नीट व्हावा म्हणून पारुबाईंनी माझ्यावर मूठभर अक्षता वाहिल्या आणि बऱ्याचशा त्या तोंडातून आत गेल्या!

माझा जीव टांगणीला लागला. दाण्यांनी तेलाची वाट अडली, तर इंजिन नांदेडच्या वाटेवरच बंद पडणार होते. कोणी पाहिले नव्हते. पारुबाई गप्प बसू शकल्या असत्या. पण युसूफभाई हँडल मारायला वाकले, तशा त्या रडतच धावत आल्या.

“युसूफभाऊ, चालू करू नका! माझ्या हातून तांदूळ आत सांडले.”

“सांगितलं ते बराबर केलं, आक्का. काहून रडून राहिल्या? काढू आपण.”

युसूफभाईंनी आधी मला बाहेरून पुसले, म्हणजे धूळ आत पडायला नको. मग नट काढले. तेल गळू नये म्हणून माझ्याखाली बुचाच्या सालीची पट्टी बसवलेली असे, तिला मी घट्ट चिकटलो होतो. माझ्या काठाखाली पाना खुपसला असता, तर मी कायमचा वाकडा झालो असतो. त्यांनी लाकडाने हळूच ठोकून मला सरळ वर उचलले. आता पारुबाई पुढे झाल्या. रोज सुपात तांदूळ निवडणारी त्यांची बोटे! लुगड्याला बोटे पुसत पुसत काळ्या तेलातले लाल दाणे त्यांनी वेचून वेचून काढले. युसूफभाईंनी खालचे तेलही फडक्यातून गाळले. तिथेही थोडे दाणे निघाले.

“पारू, व्हईल ना गं जाणं?” खतीजाबी ओट्यावरून पुन्हा पुन्हा विचारत होती.

“व्हय, व्हईल. मी बी येऊन राहिले तुह्यासंगं.”

नांदेडपर्यंत मी तेलाचा थेंबही गळू दिला नाही. खतीजाबीचे ऑपरेशन झाले. पुढे जाड भिंगांचा चष्मा लावून ती अंगणात आली, तेव्हा पारुबाई समोरच उभ्या होत्या. ती त्यांच्याकडे पाहतच राहिली.

“पारू, तुह्या लुगड्याला हे काळे डाग कशाचे गं?”

पारुबाईंनी रडत रडतच तिला मिठी मारली.

आज १९४८ साली आमची मोटार मोडीत निघाली आहे आणि मी भिंतीशी गंजत पडलो आहे. तरी माझी कुरकुर नाही. हलक्या हाताने उघडणारा माणूस मला मिळाला आणि खरे बोलणारी बाई मिळाली. मी दोघांचा ऋणी आहे. मित्रांनो, कधी तुमच्या हातूनही चूक होईल. तेव्हा घाबरून लपवू नका, यंत्र चालू होण्याआधीच सांगा. आम्हाला बोलता येत नाही. आमच्या वतीने तुम्हीच बोलायचे असते.